चव्वेचाळीस पिना

हार्ड डिस्क म्हटली की लोकांना वाटतं, लावली की चालली, रेडिओच्या सेलसारखी. घोडेगावात एसटी स्टँडमागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आठ वर्षं मी गिऱ्हाइकांपुढे घसा कोरडा करतोय, की बाबांनो, कुठलीही डिस्क कशालाही जोडता येत नाही. टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कला चाळीस पिना, वर रुंद राखाडी पट्टी. लॅपटॉपच्या डिस्कला बारीक चव्वेचाळीस, कारण तिचा करंटही त्याच पिनांतून जातो. आणि हल्लीच्या नव्या डिस्कला पिनाच नाहीत, बोटाएवढी वायर येते. एकीचं दुसरीला चालत नाही. हे सांगताना मी जरा ताठ्यातच असायचो. तालुक्यात हे कळणारा मी एकटाच, असा माझा समज होता.

२००७चा दसरा होऊन चार दिवस झाले होते. निरगुडसरच्या पुढच्या वस्तीवरून मच्छिंद्र आला, सोबत त्याची आई तुकाबाई. तो चाकणला कंपनीत कामाला. त्याने रुमालातून एक डिस्क काढून काउंटरवर ठेवली.

"गोरखभाऊ, लॅपटॉपवर च्या सांडला, त्यो गेला. पर डिस्क चांगली हाय म्हन्त्यात. ह्याच्यात दादांचा आवाज हाय."

दादा म्हणजे त्याचे वडील, यमाजी. जन्मभर मेंढरं राखली आणि श्रावणात वारले. आधीची दोन वर्षं मच्छिंद्र सुट्टीला आला की त्यांच्यापुढे माइक धरायचा. कोकणात उतरतानाचे मुक्काम, एकेका मेंढीचं नाव, आणि मेंढरांना घालायची हाळी. सगळं त्या एका डिस्कमध्ये.

"दुसरीकडं काढून ठेवलंय का?" मी विचारलं.

"न्हाई."

"एक डाव ऐकवा फकस्त," तुकाबाई म्हणाली. "लई दिस झालं."

"मावशी, दहा मिनिटं बसा," मी म्हणालो. किती सहज म्हणालो!

माझ्या नव्या मशिनला ही डिस्क लागणार नव्हती. कोपऱ्यातलं जुनं मशिन ओढलं, ड्रॉवरमधून पुण्याहून आणलेली जोडपट्टी काढली. एका टोकाला लॅपटॉपची चव्वेचाळीस भोकं, दुसऱ्या टोकाला साध्या केबलची चाळीस, आणि करंटची वायर वेगळी. ही पट्टी डिस्कवर सुलटी बसते तशी उलटीही मुकाट बसते. म्हणून तिच्या एका कडेला तांबडी रेघ असते. तांबडी कड एक नंबरच्या पिनेकडे, एवढं एकच पथ्य. मी तांबडी कड बघितली, डिस्क बसवली, बटण दाबलं.

डिस्क फिरलीच नाही. बारीक जळका वास आला. मी बटण बंद केलं आणि पाठमोराच उभा राहिलो.

"काय झालं?" मच्छिंद्रने विचारलं.

"जुळत नाही," मी म्हणालो. "हिच्या पिना वेगळ्या आहेत. पुण्याहून वेगळी वायर मागवावी लागेल." इतकं साफ खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. मच्छिंद्रने मान डोलावली. जुळतं की नाही हे मला कळतं, त्याला नाही, हे मीच त्याला आणि अख्ख्या तालुक्याला शिकवलं होतं.

ते गेल्यावर मी पट्टीच्या तांबड्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला. ते कुंकू होतं. खंडेनवमीला मी स्क्रू-ड्रायव्हरपासून केबलपर्यंत एकूण एक वस्तूला ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं होतं. खरी रेघ दुसऱ्या कडेला होती, वापरून वापरून पुसट झालेली. वर्षभर ज्यावर पोट भरतं त्याची पूजा केली, आणि त्याच पूजेने माझा घात केला. छे, पूजेला कशाला नावं ठेवू? डोळे माझे होते. घाई माझी होती, आणि माजही माझाच.

डिस्क घेऊन मी गुपचूप पुण्याला दोन ठिकाणी जाऊन आलो. तिथे तशाच दुसऱ्या डिस्कचं वरचं बोर्ड लावून बघितलं. आतलंही गेलंय, दोघांनीही तेच सांगितलं.

मच्छिंद्रला कंपनीतून सुट्टी मिळेना, म्हणून तुकाबाईच यायला लागली. दर बाजाराला, मंचरला गाडी बदलून. पायरीवर पिशवी ठेवायची आणि विचारायची, "आली का वायर?" मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. कधी म्हणायचो, चुकीची आली, परत पाठवली. तिने एकदाही शंका घेतली नाही. "पावनं, तुमी हाय म्हनून," असं म्हणून ती उठायची. बाजाराच्या आदल्या दिवसापासून मला जेवण जाईना. दोनदा तर मी दुकान बंद ठेवून घरात बसलो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून कळलं, ती दोन्ही वेळा शेवटच्या गाडीपर्यंत पायरीवर बसून होती.

शिमग्याच्या आधीच्या बाजाराला ती आली, पण बसली नाही.

"भाऊ, जरा लवकर आना ती वायर. त्यांचा आवाज माज्या कानातनं चाललाय."

"म्हणजे?"

"पयलं डोळं मिटलं की ऐकू यायचा. मंग म्हनलं, मशिनीत हाय की सगळं. आपन कशाला जपत बसायचा? आता आठवाया जाते तर न्हाई येत."

मला पुढे ऐकवेना.

"मावशी, वायर येणार नाही. तुमची डिस्क जळाली. मी उलटी लावली, मीच जाळली."

"कवा?" तिने विचारलं.

"त्याच दिवशी. तुम्ही इथंच बसला होता."

तिने शिव्या द्याव्यात, पिशवी फेकून मारावी, असं मला मनापासून वाटत होतं. तिने पिशवी उचलली, पदर नीट केला आणि दारात थांबली.

"मंग त्याच दिशी सांगायचं व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "तवा मला त्यांची हाळी काडता येत व्हती."