पाहुण्यांची गोळी

ब्राह्मणपुरीत कुणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं आणि चहात दूध होतं की नुसता रंग, याचा हिशोब गल्ली चोख ठेवते. त्या हिशोबात कौसाबाईंचं खातं काही केल्या जुळत नव्हतं.

एरवी उजवा खांदा धरून त्या दिवसभर कण्हायच्या. पायाची बोटं आत वळायची, पोटरी दगड व्हायची. पण शहाद्याच्या स्टँडवरून कुणाचा "निघालो" म्हणून फोन आला, की बाई उठायच्या, लुगडं बदलायच्या आणि पाहुणा टेकेपर्यंत अशा ताज्यातवान्या, की जणू दुखणं शेजारणीचं होतं! फुलाफुलांचा कप स्वतःच्या हातानं पुढे करायच्या. बशीत थेंब नाही. पाहुणा गेला, की थोड्या वेळानं पुन्हा "माय वं, मन्हा खांदा!" आणि न सांगता येणाऱ्याला त्या कधी भेटल्याच नाहीत. नेमक्या झोपलेल्या असायच्या.

त्यांना पार्किन्सन आहे हे घरात ठाऊक होतं. पण तो म्हणजे हात हलणं, आणि त्याची गोळी सुरू होती. दुखणं हे वेगळं खातं. त्यात मलम, विटेचा शेक, तोरणमाळहून आणलेलं मोहाचं तेल, खांद्याचा एक्स-रे, सगळं जमा झालं. एक्स-रेत काही निघालं नाही, तेव्हा निदान सुनेनं, चारुलतानं केलं.

"आईंचं दुखणं माणूस वळखस. मन्हा म्होरे येस, पाव्हना म्होरे पळी जास."

कौसाबाईंनी ते ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी कण्हणं बंद केलं. पदराचा बोळा दातांत धरून पडून राहू लागल्या. घर शांत झालं. पण विळीवर बसलेल्या चारुलताचं लक्ष राहून राहून त्या बोळ्याकडे जायचं. शेवटी तिनंच नवऱ्याला, धर्मेंद्रला, गाडी काढायला लावली.

नंदुरबारच्या डॉक्टर महजबीन म्हाताऱ्या माणसांशी अहिराणीतच बोलतात.

"मावशी, दुखत नही असं कधी व्हस?"

कौसाबाई पंख्याकडे बघू लागल्या. धर्मेंद्र हसला. "पाहुणे आले की, मॅडम. बिनखर्चाचं औषध आहे!"

डॉक्टर हसल्या नाहीत. "पाव्हना येवाना आगोदर काय करतस, मावशी?"

"काय करस मी? लुगडं बदलस."

"आनि?"

कौसाबाईंनी पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला. "गोळी लेस. हात हालस ना, त्यानी."

"आनि पाव्हना नही तवय?"

"मंग कसाले लेऊ? दुखणं घरमा ऱ्हास, कोनले दिसत नही. हात हाललेला लोकेसले दिसस. बशीमा चहा सांडना तं काय म्हनतीन?"

गोळ्यांची पाकिटं कपाटात फुलाफुलांच्या कपांमागे होती. चांगली वस्तू घरच्यांवर खर्च करायची नाही, हा बाईंचा जन्माचा नियम. कप, खारी, नवी चादर, आणि आता गोळी.

धर्मेंद्रचं हसू कुठल्या कुठे गेलं. चारुलता आपलंच निदान आठवत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

"आजार एकच आहे," डॉक्टर तिला म्हणाल्या. "गोळीचा असर उतरला की हात हलतो, तसाच खांदा आखडतो, पाय वळतो. प्रत्येकाचं दुखणं असंच असतं असं नाही, पण यांचं तसं दिसतंय. गोळी पाहुणे बघून नाही, घड्याळ बघून द्या. त्यातूनही दुखणं उरलं, तर त्याचं वेगळं बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुलता गोळी आणि पाणी घेऊन खाटेपाशी गेली.

"आज कोन येवाव शे?" कौसाबाईंनी विचारलं.

"कोनी नही."

"मंग ठेई दे."

"आई, डॉक्टरनी काय सांगं?"

"त्या शहरन्या. त्यासनाकडे पाव्हना येतस कोठे?" एवढं बोलून त्यांनी ओठ मिटले. डावा हात उजव्या खांद्यावर होताच.

चारुलता गोळी आणि पाणी खाटेवर ठेवून बाहेर ओट्यावर गेली. आत कौसाबाईंच्या उशाशी मोबाईल वाजला.

"कोन शे?"

"मी चारुलता. शहादाना स्टँडवर शे. निंघस आते. येऊ का?"

आवाज फोनमधूनही येत होता आणि उघड्या दारातूनही. कौसाबाईंनी दाराकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"काई लाज शे का तुले?" त्या म्हणाल्या. हसू मात्र आवरलं नाही. "ये. पन सावकाश ये, पोरी. गोळीले टाइम लागस."

आणि त्यांनी गोळी घेतली.

पाहुणीनं ओट्यावर बसून तोवर मेथी निवडली. समोरची रूपलीबाई बघत होती. हिनं घराबाहेर का बसावं, हे तिला काही कळेना. मग आतून हाक आली. कपाटातले फुलाफुलांचे कप बाहेर निघाले होते. एक कप कौसाबाईंनी स्वतः पुढे केला. थोडा चहा बशीत सांडला.

"खांदा कसा शे?" चारुलतानं विचारलं.

"कमी शे," कौसाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "पन शे. दुखस थोडा."

पाहुण्यांसमोर हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं.