ऐंशी अक्षरांपुढचे

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला तोंड नाही, तरी चार शब्द बोलतो. कंटाळा आला तर दोष माझाच समजा. एका रुग्णालयाच्या नोंदणीच्या खोलीत, खिडकीजवळच्या छोट्या संगणकात माझे आयुष्य गेले. तळघरात कपाटाएवढा मोठा संगणक होता. इथे टाईप झालेल्या रुग्णांच्या नोंदी तिकडे पोचवायच्या, एवढेच माझे काम.

मोठ्या संगणकाचा एक नियम होता. एका ओळीत ऐंशीच अक्षरे. मला घडवणाऱ्या चष्मेवाल्या तरुणाने साहेबांना विचारले होते, "सर, एक्याऐंशीवं अक्षर आलं तर काय करू?"

"येणारच नाही रे. टाईप करणारे सांभाळतील. आलंच तर दे सोडून."

तसे मी शिकलो. ऐंशी मोजायची, पाठवायची, पुढचे सोडायचे. सोडताना आवाज करायला मात्र कुणी शिकवले नाही.

टाईप करणाऱ्या ताई फार नेटक्या. पडद्यावर ऐंशीव्या अक्षरापाशी त्यांनी लाल चिकटपट्टी लावली होती. अक्षर तिला टेकले की नवी ओळ. अकरा वर्षे काही सांडले नाही. "आमचा हा गडी बिनतक्रार आहे हो," असे त्या माझ्याविषयी म्हणत. तेव्हा ते कौतुक होते.

मग नवा पडदा आला. ताईंनी जुन्या पडद्यावर कडेपासूनचे अंतर फूटपट्टीने मोजले आणि नव्यावर बरोबर तेवढ्याच अंतरावर पट्टी लावली. पण नव्या पडद्यावर अक्षरे बारीक होती. तेवढ्याच जागेत आता शहाण्णव मावत. ते कुणाच्या ध्यानात आले नाही. ओळीच्या शेवटी ताई रुग्णाला न चालणारे औषध लिहीत. ते मी सोडत गेलो. बारा दिवस. मला काही वाटले असे सांगितले, तर ते खोटे होईल.

तेराव्या दिवशी मोठ्या सिस्टर मोठ्या संगणकाने छापलेला नोंदीचा कागद घेऊन आल्या.

"ताई, चार नंबरच्या पोरीच्या अंगावर इंजेक्शननं गांधी उठल्यात. तिची आई म्हणते, मी खिडकीवर सांगितलं होतं. इथं तर काहीच नाही!"

"मी लिहिलं होतं हो, सिस्टर. शपथ घेऊन सांगते."

"मग गेलं कुठं? उंदरानं खाल्लं?"

ताईंनी कागदावरची अक्षरे मोजली. बोट ऐंशीवर थांबले.

मुलगी दोन दिवसांत बरी झाली. पण बारा दिवसांच्या नोंदी अशाच गेल्या होत्या. टाईप केलेले साठवायच्या फ्लॉप्या मोजक्याच, म्हणून नोंद तिकडे पोचली की फ्लॉपी पुसायची, ही इथली रीत. सोडलेले माझ्याकडेही नव्हते. सिस्टर खाटेखाटेपाशी विचारत फिरल्या. सगळ्यांनी सांगितले. अकरा नंबरचे घड्याळे दुरुस्त करणारे आजोबा तेवढे कालपासून बेशुद्ध होते. ताप चढत होता. औषध देणे भाग होते, आणि कोणते देऊ नये ते ठाऊक नव्हते.

त्यांच्या घरच्या आजी खिडकीशी आल्या.

"आजी, आठवा ना. नाव काय होतं औषधाचं?"

"मला कुठलं गं ते नाव यायला? ह्यांनीच सांगितलं, इथंच उभं राहून. तू लिहिलंस की, मी बघत होते. आता बघ ना तुझ्या त्या यंत्रात."

ताईंनी पडद्याकडे पाहिले. आजीही पाहू लागल्या. पडदा कोरा होता.

डॉक्टर दीड दिवस थांबले. औषध द्यायला त्यांचा हात धजेना.

नंतरच्या सकाळी ताईंनी मला एक ओळ दिली. 'खाट अकरा. रुग्ण वारला. खाट रिकामी.' ओळ आखूड होती. ती पूर्ण पोचली.

चष्मेवाला तरुण आता पिकल्या केसांचा झाला आहे. त्याने येऊन मला नवे शिकवले. ओळ लांबली की मी थांबतो आणि पडद्यावर लिहितो, 'मावत नाही.' नवी माणसे वैतागतात. "काय कटकट्या आहे हा!" म्हणतात. म्हणू देत. मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. मी थांबलो की घाईने पुढचे बटण दाबू नका. ओळीचा शेवट एकदा वाचा. कुणीतरी तुमच्यावर विसंबून ते सांगून गेलेले असते.