दीड वीत खड्डा

सावळाराम जमादार एकोणचाळीस साली पोलीस खात्यातून निवृत्त झाले. तीस वर्षांच्या नोकरीतली बरीचशी वर्षं मुरबाड तालुक्यात गेली होती, शेवटची सात शहापुरात. निवृत्तीनंतर ते आसनगावजवळच्या आपल्या गावी राहत. भात कापून झालं की त्याच रानात वाल पेरत आणि सकाळी चावडीच्या ओट्यावर तासभर बसत.

बेचाळीस सालानंतर त्या ओट्यावर पोलिसांबद्दल बरं बोलणारं कोणी उरलं नव्हतं. कोणाच्या भाच्याला लाठी बसली होती, कोणाच्या घराची झडती झाली होती. जमादारांसमोर बोलायला लोक आधी बिचकत, पुढे तेही सुटलं.

"पोलिसाचा कागद म्हंजे खोटाच," शेजारचा जयराम एकदा म्हणाला. "आधी माणूस धरायचा, मंग त्याच्यासाठी गुन्हा शोधायचा."

"तुझ्या म्हशी चोरीला गेल्या तेव्हा कोणी आणल्या?"

"तुमी."

"कशा?"

"खुरांच्या मागावर गेलात. पार डोळखांबपर्यंत."

"मग तो कागद खोटा व्हता काय?"

जयरामचं मत मात्र बदललेलं नाही, हे जमादारांना दिसलं.

त्रेचाळीसच्या मार्गशीर्षात आसनगाव आणि कसारा यांच्यामध्ये रेल्वेच्या कडेने जाणारी तांब्याची तार दोनदा तोडून नेली गेली. त्या भागातल्या एका चौकीवर टिपणीस नावाचे तरुण फौजदार नुकतेच आले होते. तारेचं काय झालं, अशी विचारणा त्यांना वरून रोज होत होती. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी धाऊ शिपाई जमादारांच्या अंगणात येऊन उभा राहिला. धाऊ पूर्वी त्यांच्याच हाताखाली होता.

"फौजदारसाहेबांनी बोलावलंय. तार गावली. पंच म्हणून तुमची सही पायजे."

जमादारांनी कोट चढवला आणि ते निघाले. जागा अर्ध्या कोसावर होती. वाळू नावाचा कातकरी तिथे रानात कोळशाची भट्टी लावून राहत असे. झोपडीपुढे त्याला हात बांधून बसवलं होतं. त्याची बायको बाईजा कुडाला टेकून उभी होती. टिपणीस एका खाटेवर बसले होते आणि पंचनामा लिहून तयार होता. खाली एका पंचाची सहीही झालेली होती.

जमादारांनी कागद वाचला. आरोपीच्या झोपडीत चुलीच्या डाव्या अंगाला खड्डा उकरला असता तांब्याच्या तारेचं एक वेटोळं मिळालं, असं त्यात होतं. खड्ड्याचं मापही होतं, एक वीत खोल आणि दीड वीत रुंद. वेटोळं बाहेर गोणपाटावर ठेवलं होतं. सुतळीने बांधून गाठीवर लाखेचा शिक्का मारलेला होता. जमादार आत गेले, चुलीजवळ वाकले, खड्ड्यात हात घालून पाहिला. मग बाहेर येऊन वेटोळ्याकडे पाहिलं. ते भाकरीच्या परातीएवढं होतं.

"साहेब, हे या खड्ड्यात मावत नाही," ते म्हणाले.

टिपणीस उठले आणि त्यांना जरा बाजूला घेऊन गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"जमादार, तुमच्यापासून लपवत नाही. तार काल पलीकडच्या झाडीत सापडली. माणूस हाच आहे. दोघांनी याला रुळाजवळ पाहिलंय."

"मग झाडीतला पंचनामा लिहा. त्यावर सही करतो."

"झाडी कोणाचीच नसते. कोर्टात उभी राहील का केस?"

"नाही राहिली तर नाही राहिली."

"तुम्ही तीस वर्षं खात्यात काढलीत. असं कधी केलंच नाही?"

जमादारांनी वेटोळ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. कागद परत दिला आणि ते घरी आले. त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी सही घेण्यात आली आणि वाळूला शहापूरला नेलं.

चार दिवसांनी बाईजा आली. ती अंगणाच्या बाहेरच बसली, आत ये म्हटल्यावरही आली नाही. कल्याणचे लेले वकील तिच्या नवऱ्याची बाजू फुकट मांडणार होते. जमादारांनी काय पाहिलं ते तिने वकिलांना सांगितलं होतं.

"जमादारबाबा, तुमाला समन येल. याल ना?"

"समन्स आल्यावर यावंच लागतं."

"तसा नाय. तुमी सांगाल का ते इचारते."

"पाहिलं ते सांगेन. तुझ्या नवऱ्यानं तार तोडली नाही असं सांगणार नाही. ते मला माहीत नाही."

बाईजाने पदर खोचला. "तेवढा पुरे," ती म्हणाली आणि उठली.

जमादारांची बायको भागीरथी दारातून ऐकत होती. "उद्या रस्त्यात पोलीस भेटला तर तो रामराम घालणार नाय तुमाला," ती म्हणाली. "आनि ही गावची माणसं तरी कुठं आपल्याला आपलं म्हणतात?" जमादार म्हणाले, "नाय म्हणत." 

सुनावणीच्या आदल्या दिवशी धाऊ पुन्हा आला. आता तो गणवेशात नव्हता.

"जमादार, तुमी आमच्या इरुद्ध उभं राहणार?"

"तुझ्या हातानं खणला का रे तो खड्डा?"

धाऊने मान खाली घातली. "हुकूम व्हता."

"हुकूम कसा असतो ते मला ठाव हाय, धाऊ. चहा घे."

शहापूरच्या कचेरीत त्या दिवशी गर्दी होती. तारेचा खटला म्हणजे चळवळीचा खटला, असं बऱ्याच जणांनी धरलं होतं. जयरामही आला होता. लेले वकिलांनी जमादारांना पिंजऱ्यात बोलावलं. खड्डा, वेटोळं, आधीच लिहून ठेवलेला कागद, सगळं त्यांच्याकडून क्रमाने काढून घेतलं. टिपणीस झाडीबद्दल जे बोलले होते तेही जमादारांनी सांगितलं. मग लेले लोकांकडे अर्धवट वळून म्हणाले, "म्हणजे या पोलिसांचे पंचनामे असेच घरबसल्या तयार होतात, असं आपल्या तीस वर्षांच्या अनुभवावरून म्हणता येईल?"

"नाही," जमादार म्हणाले.

लेल्यांना हे अपेक्षित नव्हतं. "नाही म्हणजे?"

"मी शेकड्यांनी पंचनामे लिहिले. विहिरीत उतरून प्रेतं वर काढली आणि काठावर बसून लिहिले. घाटात दरड पडली तेव्हा चिखलात उभं राहून लिहिले. शिपायांना मी एकच सांगायचो, आधी पंचांना जागा दाखवा, मग दौत उघडा. बहुतेक जण तसंच करतात. त्यांचं नाव कोणी काढत नाही, कारण त्यांचे कागद कोणी तपासायला जात नाही. हा एक कागद खोटा आहे. तेवढंच मी सांगायला आलोय."

मागे कोणीतरी हसलं. लेले खाली बसले.

मग सरकारी बाजूचे वकील उलटतपासणीला उठले. साक्षीदार मोठा सत्यवादी असल्याचा आव आणतोय, हे त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे दाखवायचं होतं. "शेकडो पंचनामे लिहिलेत. त्यांतला एकही खोटा नव्हता, असं शपथेवर सांगता?"

जमादार म्हणाले, "एक होता."

 मॅजिस्ट्रेटांनी लेखणी खाली ठेवली. "साक्षीदार, हे तुमच्यावरच शेकू शकतं, याची कल्पना आहे ना?"

"आहे, साहेब."

मग त्यांनी सांगितलं. एकतीस साल, मुरबाड तालुका. वैशाखरे गावच्या देवजीने बांधाच्या भांडणावरून भावकीतल्या लडकूच्या हातावर कोयता मारला होता. लडकूचा हात कायमचा गेला. वार अंधारात मागून झाला, म्हणून लडकूला माणूस ओळखता आला नाही, आणि पाहणारं दुसरं कोणी नव्हतं. कोयता ओढ्यात सापडला. त्या वेळच्या वरिष्ठांनी सांगितलं, देवजीच्या घरातल्या पेंढ्यात सापडला असं लिहा. जमादारांनी तसं लिहिलं. देवजीला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

"तो निर्दोष होता, असं म्हणायचंय तुम्हाला?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"नाही. माणूस तोच होता असं मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं. पण कोयता पेंढ्यात नव्हता."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिणारे आहात, हे तुम्हीच कबूल करता. मग आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"माझ्यावर ठेवू नका. पंचनाम्यात खड्ड्याचं माप आहे आणि मुद्देमालाला शिक्का आहे. मोजून बघा."

मॅजिस्ट्रेटांनी वेटोळं मागवलं. शिक्का शाबूत होता, सुतळी हललेली नव्हती. कारकुनाने वितीने मोजलं. वेटोळं आडवं अडीच वीत भरलं. मॅजिस्ट्रेटांनी पंचनामा पुन्हा वाचला आणि टिपणिसांना विचारलं, हे त्या खड्ड्यात कसं होतं. 

वाळू त्याच आठवड्यात सुटला. तार कोणी तोडली हे शेवटपर्यंत कळलं नाही. टिपणिसांची तीन महिन्यांनी दूरच्या तालुक्यात बदली झाली. जमादारांना ठाण्याहून वरिष्ठ कचेरीचं एक पत्र आलं. एकतीस सालच्या प्रकरणाचा त्यांनी खुलासा करावा, असं त्यात होतं. त्यांनी दोन पानांचा खुलासा पाठवला. प्रकरण जुनं असून संबंधित वरिष्ठ हयात नाहीत, असं म्हणून ते तिथेच बंद करण्यात आलं.

गावात मात्र त्यांना कुठली बाजू राहिली नाही. पोलीस त्यांना टाळू लागले. ओट्यावरचे लोक म्हणत, बघा, स्वतःच कबूल केलं, सगळे सारखेच. जयराम तेवढा एकदा म्हणाला, "माझ्या म्हशींचा कागद खरा व्हता, ह्ये मी कचेरीत उठून सांगणार व्हतो. पन मला कोन इचारतो." जमादार हसले.

होळी झाल्यावर ते देवजीला भेटायला निघाले. भागीरथीने कशाला म्हणून विचारलं नाही, तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. आसनगावहून गाडीने कल्याण, तिथून कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने मुरबाड, आणि पुढे बैलगाडी मिळेल तिथे बैलगाडी, नाहीतर पायी. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वैशाखऱ्याला पोचले.

देवजी अंगणात मासे धरायचं बांबूचं खोइन विणत होता. बारा-तेरा वर्षांत तो फार म्हातारा झाला होता. त्याने जमादारांना ओळखलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

"बसा. शहापूरला काय बोललात ते हितपर्यंत आलंय."

"तेच सांगायला आलो. कोयता ओढ्यात सापडला व्हता. मी पेंढ्यात लिहिला."

"मला नाय म्हाईत व्हय? मीच टाकला व्हता वढ्यात."

 देवजीने बांबूची एक कामटी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"एक सांगू, जमादार? लडकूचा हात मी तोडला. तुरुंगात त्याची आठवण यायला पायजे व्हती. तर नाय आली. दोन वर्सं मी रोज एकच म्हणायचो, पोलिसांनी लबाडी केली. सगळ्यांना तेच सांगायचो. आन ते खराच व्हता, म्हणून माजी मान ताठ." त्याने पुढे सांगितलं, "सुटून आलो तवा लडकू एका हातानं पेंढा बांधताना दिसला. तवा कुठं मला कळला मी काय केलाय ते. तुमी खरा लिवला असतात तर मला आदीच कळला असता."

"खरं लिहिलं असतं तर तू सुटला असतास, देवजी."

"सुटलो असतो. मंग लडकूच्या समोर रोज बसावा लागला असता." देवजीने घरात हाक मारली. "हिराबाय, पावना हाय. ताट वाढ."

त्याची बायको हिराबाई बाहेर येऊन पाहुण्याकडे बघत उभी राहिली. कोण आहे हे ओळखायला तिला वेळ लागला. ओळखल्यावर ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग तिने दोन ताटं आणून ठेवली. भात, सुक्या मासळीचं कालवण आणि नाचणीची भाकरी. ताटं ठेवून ती लगेच परत आत गेली.

जेवण झाल्यावर, लडकूलाही तेच सांगायचं म्हणून, जमादार त्याचं घर विचारून तिकडे गेले. लडकू रानात गेला होता. ते त्याच्या ओट्यावर ऊन उतरेपर्यंत वाट बघत बसले.