कंपनीची गाडी

ज्ञानेशने फाटकाची दोन्ही दारे ढकलून भिंतीला टेकवली, त्यांच्याखाली विटा सरकवल्या आणि तो रस्त्याकडे पाहत उभा राहिला. इंदूरच्या गिरणीसाठी बनवलेली विजेची पॅनेल लाकडी पेट्यांत बंद होऊन ओट्यावर उभी होती. ती कोरडी पोहोचली तर गिरणीचे पुढचे सगळे काम इथेच यायचे होते. नाही तर वडिलांमागे कसाबसा तग धरून राहिलेल्या अंबडच्या या लहानशा कारखान्याला कुलूपच लागले असते.

म्हणून त्याने या वेळी गाडी पारखून ठरवली होती. द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांतून तो कितीतरी हिंडला आणि शेवटी काचेच्या दाराआड संगणक असलेले एक ऑफिस त्याला पटले. तिथल्या तरुण मॅनेजरने मालाचा विमा, बिल्टी म्हणजे मालाची छापील पावती, सारे समजावून दिले आणि वर म्हणाला,

"आमचा ड्रायव्हर पार्टीकडे चहासुद्धा घेत नाही, सर. नियमच आहे तसा."

ते वाक्य ज्ञानेशला फार आवडले. वडिलांच्या काळापासून माल नेणारे सावळीरामकाका आले, की आधी मागच्या घराच्या ओसरीवर बैठक जमायची. चहा, मग घरादाराची विचारपूस, आणि माल भरेस्तोवर ऊन उतरायचे. निघताना आईच्या हातचे दशम्यांचे गाठोडे शेजारी ठेवून ते कोपऱ्यावर हॉर्न वाजवायचे. तो ऐकल्याशिवाय आई फाटकातून हलत नसे. पण मागच्या पावसाळ्यात काकांच्या विरलेल्या ताडपत्रीतून पाणी झिरपले आणि माल परत आला. 'या वेळी तुमची गाडी नको' हे तोंडावर सांगायचा धीर ज्ञानेशला झाला नाही. काकांच्या शेजाऱ्याकडे फोनवर निरोप ठेवून त्याने घाईने रिसीव्हर खाली ठेवला होता. आईला तर काहीच सांगितले नव्हते.

कोपऱ्यावर हॉर्न वाजला. आधी आखूड, मग लांब, आणि शेवटी घसा बसल्यासारखा.

हा हॉर्न ज्ञानेशच्या चांगलाच ओळखीचा होता.

ट्रकच्या कपाळावर कंपनीच्या नावाचे निळे कापड बांधलेले होते. त्याखालून रंगवलेल्या मोराचा पिसारा डोकावत होता. त्या पिसाऱ्यात लहानपणी, काकांच्या खांद्यावर बसून, त्यानेच हिरवा रंग भरला होता.

सावळीराम खाली उतरले. अंगात कंपनीचा निळा सदरा होता, खांद्यांत ढगळ.

"नमस्कार, साहेब. गाडी कुठं लावू?"

साहेब. आजवर त्या तोंडून त्याने ज्ञानूखेरीज दुसरे नाव ऐकले नव्हते.

"काका... तुम्ही?"

"त्यांच्याकडं सोताच्या गाड्या कुठं हायत? ऑफिस तेवढं त्यांचं. गाड्या आमच्याच भाड्यानं उचलत्यात." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "मागं घेऊ ना, साहेब?"

हमालांनी पेट्या उचलल्या. त्यांच्यातला पुंजाराम जुन्या ओळखीचा.

"काय सावळीरामभाऊ, आज नवरदेव! सासऱ्यानं माप न घेताच शिवला जणू सदरा!"

"तू पेटी सांभाळ रे. लय नाजूक माल हाय त्यो."

पेट्यांवर सावळीरामांनी ताडपत्री ओढली. करकरीत नवी, तिच्या घड्यासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या.

"ही कधी घेतली?" ज्ञानेशने विचारले.

"तुमचा निरोप यायच्या आधीच. म्हटलं, आपल्या ज्ञानूचा माल..." दोरीची गाठ आवळता आवळता ते थांबले. "म्हटलं, इंदूर लांब हाय."

ज्ञानेशने पुढे होऊन दोरी चाचपून पाहिली. ती घट्ट होती.

इतक्यात मघाचा हॉर्न ओळखून ज्ञानेशची आई, नवसाबाई, ओसरीवरून लगबगीने आल्या. हातात गाठोडे होते.

"काय हो भावजी, आज चहाला न येताच निघालात? दशम्या गरम आहेत अजून."

सावळीरामांचा हात सवयीने पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो सदऱ्याला पुसला.

"नको, वहिनी. कंपनीचा नियम हाय. पार्टीकडं काय घ्यायचं नाय."

"पार्टी?" नवसाबाई हसल्या. "कोण पार्टी?"

मग त्यांनी तो निळा सदरा पाहिला, मोरावरचे कापड पाहिले, आणि सावकाश मुलाकडे मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहून गेले होते. ते आवरायचे त्यांना सुचले नव्हते.

ज्ञानेशने त्यांच्या हातातून गाठोडे घेतले. लहानपणी चढायचा तसा तो केबिनच्या पायरीवर चढला आणि ते ड्रायव्हरशेजारच्या जागेवर ठेवले. तिथे पूर्वी तो मालेगावपर्यंत बसून जायचा.

सावळीरामांनी गाठोड्याकडे पाहिले. ते परत दिले नाही, जवळही ओढले नाही.

"बिल्टीवर सही राहिली, साहेब," ते म्हणाले.

त्याने सही केली. गाडी हलली, रस्त्याला लागली आणि कोपऱ्यावर वळली. नवसाबाई नेहमीसारख्या फाटकात थांबल्या, डोक्यावरचा पदर कानामागे सारून.

धूळ खाली बसली. ज्ञानेशने वाकून दाराखालच्या विटा काढल्या.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "वाजवतील अजून."