पट्ट्यातली हवा

आमच्या गावाला एक खोड आहे. साहेब येणार असं नुसतं कानावर आलं, की माणसं झाडू शोधायला लागतात. स्वतःच्या घरात महिनाभर जळमटं लोंबत असतील, पण साहेबाच्या वाटेवर पालापाचोळा दिसता कामा नये. या खोडीपायी आमचा काय घात झाला ते सांगते. सांगताना माझा आवाज चढेल. चढू द्या. थंड डोक्यानं सांगण्यासारखी ही गोष्टच नाही.

आमची करंजवाडी सायखेड्याच्या पुढे, नदीच्या अंगाला. मी सुमन. द्राक्षबागांमध्ये कामाला जाणाऱ्या बायांची टोळी चालवते, म्हणजे बागाईतदाराशी मजुरीवरून भांडायचं काम माझं. घरात सासरे आहेत, धोंडीराम, त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. मुलगा हर्षल ओझरला कारखान्यात कंत्राटावर आहे. आणि सून सायली.

गावात सरकारी आरोग्य उपकेंद्र आहे. आहे म्हणजे इमारत आहे. फीत कापली, पेढे वाटले, नर्सबाई दोन महिने आल्या आणि बदली करून घेऊन गेल्या. तेव्हापासून दाराला कुलूप. ओट्यावर आमच्या शेजारचा लहानू कांदे पसरतो आणि त्याच्या शेळ्या तिथं सावलीला बसतात. औषधांचा आणि रंगरंगोटीचा खर्च मात्र कागदावर दरसाल पडतो. रंग कुठल्या भिंतीला लागतो देव जाणे, आमच्या भिंतीला तरी लागलेला नाही.

सायलीचं पहिलं बाळ जीपमध्ये गेलं. नाशिकला नेत होतो, चांदोरी मागे पडली आणि तिनं माझा हात सोडला. डॉक्टर म्हणाले, बाईचं प्रेशर वाढलेलं होतं, वेळेवर कोणी बघितलं असतं तर बाळ हातात असतं. पुढच्या खेपेला दर पंधरा दिवसांनी प्रेशर मोजायचं, असं त्यांनी बजावून सांगितलं. यंदा सायलीला पुन्हा दिवस गेले. पंधरा दिवसांनी नाशिक म्हणजे तिचा दिवस, माझा दिवस, गाडीभाडं आणि त्या खड्ड्यांतून धक्के. गावात इमारत उभी असताना हे का करायचं? माझं डोकंच फिरलं.

दिवाळीआधी मी टोळीतल्या बाया घेतल्या आणि नाशिकला इंदिरानगरात आमच्या आमदारबाईंच्या कार्यालयात जाऊन बसले. बाई पहिल्यांदाच निवडून आलेल्या, विरोधी पक्षाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मी विधानसभेत प्रश्न टाकते,” त्या म्हणाल्या. “उपकेंद्र बंद आहे, हे खरं आहे का? खर्च होतो तो कशावर होतो? मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागेल.”

“खरं हाय म्हणाले तर?”

“तर नर्स द्यावी लागेल, मावशी.”

मी हरखून घरी आले. सायलीला म्हटलं, तुझं बाळ गावातल्या नर्सबाईच्या देखरेखीत येणार बघ.

बाई स्वतः येऊन कुलूप बघून गेल्या. प्रश्न मुंबईला गेला तसा खाली फिरला. मंत्र्यांना उत्तर हवं, म्हणून तालुक्याचे आरोग्य अधिकारी पाहणीला येणार असा निरोप आला. झालं! आबांनी झाडू हातात घेतला. त्यांचं बघून सगळं गाव लागलं. लहानूनं शेळ्या हलवल्या, कांदा भरून नेला. पोरांनी टाकीतून पाणी आणून ओटा धुतला.

“आबा, नका झाडू,” मी म्हणाले. “घाण हाय हेच तर दाखवायचंय आपल्याला.”

“येड लागलं का तुला? सरकारी माणूस दारात येऊ राह्यला आन् त्याला शेळ्यांच्या लेंड्या दाखवायच्या? पाहुण्याला घाण दाखवत्यात का कुठं?”

“पाहुणा नाय तो. तपासायला येतोय.”

“दारात येतो तो पाहुणाच,” आबा म्हणाले, आणि विषय संपला. सत्तरी पार केलेल्या माणसाशी किती भांडणार? ओट्यासमोर रांगोळी पडली. आत एक लोखंडी खाट होती, तिच्यावर कोणीतरी आमच्याच घरातली चादर आणून अंथरली, सायलीच्या रुखवतातली.

साहेब आले, चावीनं दार उघडलं. आबांनी त्यांना टॉवेल-टोपी घातली, नारळ दिला. पांढरी साडी नेसलेली एक बाई साहेबांच्याच गाडीतून उतरली. साहेब हसत म्हणाले, “गावात कोणी गरोदर माता आहे का?” सगळ्यांनी सायलीकडे बघितलं. तिला खाटेवर बसवलं. त्या बाईनं तिच्या दंडाला प्रेशरचा पट्टा गुंडाळला, साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला, परत एकदा काढला.

“किती आहे?” सायलीनं विचारलं.

“ठीक आहे,” बाई म्हणाली आणि पट्टा सोडला.

मला वाटलं, नर्सबाई आल्या! मी तिला विचारलंसुद्धा, “उद्यापासून येणार का ओ ताई?” तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पिशवी भरत राहिली. साहेब गेले, बाई गेली, चावीही गेली. पण प्रेशर ठीक आहे म्हणाल्या ना, म्हणून आम्ही त्या पंधरवड्यात नाशिकला गेलो नाही. बागेत काम जोरात होतं. पाय सुजले तेव्हा वाटलं, आठव्यात सुजतातच. डोकं दुखलं तेव्हा वाटलं, ऊन लागलं. डिसेंबरात कसलं ऊन, पण माणसाला पटवून घ्यायचं असलं की काहीही पटतं.

नागपूरला अधिवेशन भरलं. आमचा प्रश्न लागला त्या दिवशी आमदारबाईंच्या माणसानं फोन करून सांगितलं, थेट दिसणार आहे. उपकेंद्राच्या पायरीवर सगळे जमले. हर्षल सुट्टी काढून आला होता, त्याचाच मोबाइल मधे धरला.

मंत्री उठले. हातातला कागद वाचला. “हे खरे नाही.”

तेवढंच. आम्हाला वाटलं, पुढे काहीतरी असेल. आमदारबाई ताडकन उठल्या. “अध्यक्ष महाराज, मी स्वतः कुलूप बघून आले आहे. मंत्रिमहोदय कशाच्या आधारावर नाही म्हणतात? आणि खर्च कशावर झाला?”

मंत्र्यांनी एक मोठा फोटो वर धरला. रांगोळी. चादर. खाटेवर माझी सून, दंडाला पट्टा.

“उपकेंद्र सुरू आहे, मातांची तपासणी होते आहे, मंजूर निधी नियमाप्रमाणे खर्च झाला आहे. आणि अध्यक्ष महाराज, ग्रामस्थांनी तर आमच्या अधिकाऱ्यांचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार केला! सन्माननीय सदस्यांना आपल्याच मतदारांवर विश्वास नाही काय?”

सभागृह हसलं. बाकं वाजवली. आमदारबाई हात वर करून काहीतरी बोलत होत्या, पण अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. हर्षलनं मोबाइल बंद केला. आमच्या पाठीशी तेच दार, तेच कुलूप, आणि लहानूचा कांदा परत ओट्यावर आलेला. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. बोलायचं कोणाला? तिकडे नागपूरला माझी शिवी पोचणार नव्हती.

आबा टोपी काढून गुडघ्यावर घेऊन बसले होते.

संध्याकाळी आमदारबाईंचा फोन आला. त्या माझ्यापेक्षा तापलेल्या. “मावशी, काय केलंत तुम्ही हे? मी तिथं एकटी भांडतेय आणि तुम्ही इकडे नारळ देताय? माझं हसं झालं सगळ्या महाराष्ट्रासमोर!”

“तुमचं हसं झालं,” मी म्हणाले. “माझ्या सुनेचं पोट हाय इथं. आबांनी दारात आलेल्या माणसाचा मान ठेवला, एवढाच त्यांचा गुन्हा. त्या मानाचा पुरावा करणाऱ्याला जाऊन झापा, आमाला नका.”

त्या हळू म्हणाल्या, “चुकलं माझं. रविवारी मी स्वतः येते, कुलुपाचा व्हिडिओ करते. तसं मी जाहीरच केलंय बाहेर पत्रकारांपुढे.”

फोन ठेवला तर सायली दारात उभी. चेहरा सुजल्यासारखा.

“आई, त्या फोटोत बघितलं मी. तेव्हा लक्षात नव्हतं आलं. त्या बाईनं फुगा दाबलाच नव्हता. दंड आवळला नव्हता माझा. नाशिकला मोजतात तेव्हा कसा करकचून आवळतो... हवा भरलीच नव्हती तिनं.”

“मग ठीक हाय म्हणाली ते?”

“मला काय माहीत? साहेब उभे होते समोर. मी कशी विचारणार?”

हर्षलला सांगितलं, रात्रीचं वाहन मिळायचं नाही, उजाडताच गाडी बघ, पहिलं नाशिक. रात्रभर मी तिच्या उशाशी बसून होते.

सकाळी जीपची वाट बघत होतो, तर आली साहेबांची गाडी. आमदारबाई रविवारी येणार हे त्यांना कळलं असणार, म्हणून आधीच बंदोबस्ताला आले. बरोबर तीच पांढऱ्या साडीतली बाई. साहेब ओट्याजवळ उतरले, कांदा बघून नाक मुरडलं.

“आबा, आज रांगोळी नाही? जरा स्वच्छ करून घ्या की. आणि पाणी आणा थोडं, घसा सुकला.”

आबा पायरीवर बसले होते. या माणसानं भाऊबंदकीत ज्याच्याशी कोर्ट चाललं त्यालाही तांब्याभर पाणी दिलेलं मी बघितलं आहे. ते उठले नाहीत.

“पाणी नाय,” आबा म्हणाले.

साहेबांना वाटलं, टाकी रिकामी आहे. मला कळलं, आणि मला रडू आलं. पण रडायला वेळ नव्हता. मी त्या बाईचा हात धरला आणि तिला सायलीपुढे आणलं.

“काढ पट्टा. बांध. आज हवा भर.”

“मावशी, आधी दार उघडून आत...” साहेब पुढे आले.

“तुमी गप बसा!” मी इतक्या जोरात ओरडले की लहानूच्या शेळ्या उठल्या. “मला मावशी म्हणू नका. माझ्या बहिणीची पोरं असली निपजली नाहीत.”

बाईनं पट्टा बांधला. सायली ओट्यावरच बसली, कांदे बाजूला सारून. बाई फुगा दाबत गेली, काट्याकडे बघत राहिली. सगळी हवा सोडली आणि परत भरली.

“साहेब, खूप जास्त आहे,” ती म्हणाली. “हिला आत्ताच्या आत्ता न्यायला हवं.”

“एकशे आठला फोन करा.”

“एवढा वेळ नाही साहेब. गाडी आहे आपली.”

“सरकारी गाडीत पेशंट नेता येत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?”

बाई सगळ्या गावासमोर बोलली. “त्या दिवशी तुम्ही म्हणालात, फोटोपुरता बांध. मी बांधला. माझ्याच हातानं बांधला. आज मी हिला सोडून येणार नाही.”

आबा काठी टेकत उठले आणि साहेबांच्या गाडीपुढे जाऊन रस्त्यात बसले. त्यांच्या शेजारी लहानू बसला. मग माझी टोळी. कोणी घोषणा दिली नाही, काही नाही. साहेबांनी एकदा घड्याळ बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि ड्रायव्हरला दार उघडायला सांगितलं. ते स्वतः ओट्यावरच राहिले. गाडी वळताना मी मागे बघितलं, आबांनी त्यांना अजून पाणी दिलं नव्हतं.

त्या बाईनं सायलीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. चांदोरी आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. सायलीचा हात माझ्या हातात घट्ट होता, चांदोरी गेली तरी घट्टच होता.

नाशिकला डॉक्टरांनी तिला लगेच आत घेतलं. तास गेला, दीड गेला. मग सांगितलं, प्रेशर उतरतं आहे, बाळाचे ठोके नीट आहेत, सुटका होईपर्यंत इथेच ठेवू. अजून दोन दिवस गेले असते तर, असं म्हणून ते थांबले. पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती, मी ते एकदा बघितलं होतं. काचेतून मला सायली दिसत होती. दंडावरचा पट्टा आपोआप फुगायचा, ती कपाळाला आठी घालायची, आणि मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू.

तेवढ्यात आमदारबाईंचा फोन. त्यांना गावातून कळलं होतं. “सुमनताई, मी सोमवारी परत उभी राहते. मंत्र्यांनी सभागृहाची दिशाभूल केली म्हणून. ते पुन्हा तोच फोटो दाखवतील, पुन्हा म्हणतील हे खरे नाही. मी काय विचारू त्यांना?”

“खर्चाचं नंतर विचारा,” मी म्हणाले. “कुलुपाचंही नंतर. आधी तो फोटो त्यांच्याच हातात द्या आणि विचारा, या पट्ट्यात हवा होती का? कागद न बघता सांगा म्हणावं.”