ऑडिटचा माल

महादेवपुऱ्यातल्या त्या आवारात पाय ठेवला आणि ताज्या रंगाच्या वासाने वसुमतीच्या डोक्यात सणक गेली. निळे पाइप दुकानातल्या साबणाच्या वड्यांसारखे रचून ठेवले होते. दोनशे पाइप, आणि एकावरही सिमेंटचा शिंतोडा नाही. परांची बांधणाऱ्याच्या घरी इतका स्वच्छ माल म्हणजे रोज वापरातल्या कढईला काजळी नसावी तसं.

"बन्नी मेडम, बन्नी!" या, या, असं कन्नडमध्ये म्हणत ठेकेदार गुरुदत्त शहाळं घेऊन पुढे आला. सरकारी टेंडर भरायचं तर त्याला स्वतंत्र ऑडिटरचा रिपोर्ट हवा होता, आणि तो रिपोर्ट देणारी वसुमती. "स्वल्प पाणी प्या. काम काय, पाच मिनिटांचं."

"दोन तासांचं आहे," वसुमती म्हणाली आणि शहाळं तसंच बाजूला ठेवून तिने जाडी मोजायचं यंत्र काढलं.

वीस पाइप निवडायचे, प्रत्येकाची भिंत तीन ठिकाणी मोजायची. तीन पूर्णांक नऊ मिलिमीटर. चार. पुन्हा तीन पूर्णांक नऊ. सगळं नियमात. मोजलेला पाइप पुन्हा हातात येऊ नये म्हणून ती त्यावर खूण करी, ही एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेपासूनची सवय. एरवी खडूने करी. तीन आठवड्यांपूर्वी यशवंतपूरला प्रतापराव नावाच्या ठेकेदाराच्या आवारात खडू घरी राहिला होता, तेव्हा तिने पाइपच्या तोंडाशी, आतल्या कडेला, तिकोनी कानशीने दोन बारीक खाचा पाडल्या होत्या. खडूपेक्षा ते बरं वाटलं, म्हणून आजही कानसच आणली होती.

अकराव्या पाइपच्या तोंडात तिने बोट घातलं. खाचा आधीच होत्या. दोन. तिच्याच.

तिने कानशीने निळा रंग खरवडला. खाली पिवळा. प्रतापरावांचे पाइप पिवळे होते.

"हे पाइप कुणाचे, गुरुदत्त?"

"माझेच की मेडम. सेकंड हँड घेतले."

"बिल दाखवा."

गुरुदत्त ओळखीचं हसला. "काय मेडम, चेष्टा करता का? हा तर ऑडिटचा माल. आज माझ्याकडे, उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडे. टेम्पोवाल्याचा नंबर तुमच्या रत्नाकर सरांनीच दिला. तुम्हाला ठाऊक नाही?"

तो खरोखरच चकित झाला होता. ती या टोळीतलीच आहे असं धरून तो सकाळपासून तिच्याशी अदबीने बोलत होता! वसुमतीला पाल अंगावर पडल्यासारखं झालं.

"तुमचे स्वतःचे पाइप कुठेत?"

शेडमागे, ताडपत्रीखाली. गंजाचे पापुद्रे हाताला लागत होते. तिने एक मोजला. दोन पूर्णांक तीन.

दुपारी ती आपल्या कंपनीच्या मल्लेश्वरमच्या ऑफिसात गेली. रत्नाकर देशमाने तिच्या वडिलांचे जुने सहकारी. दोघांनी एकाच सरकारी प्रयोगशाळेत वीस वर्षं काढलेली. निवृत्तीनंतर रत्नाकरांनी ही ऑडिट कंपनी काढली आणि वसुमतीला पहिल्या दिवशी बोलावून घेतलं. ती त्यांना काकाच म्हणे.

"अगं, बैस आधी. कॉफी घे," सगळं ऐकून ते म्हणाले. "तू मोजलेस ते पाइप चांगले होते की नाही?"

"होते."

"त्यांच्या आवारात होते?"

"होते."

"मग तू खोटं काय लिहिलंस? एक आकडा दाखव मला."

वसुमतीने त्यांच्याकडे पाहिलं. माणूस साखर ढवळत होता. चमचा कपाला लागू नये अशी काळजी घेत ढवळत होता.

"काका, प्रतापरावांना हॉस्पिटलचं काम मिळालंय माझ्या रिपोर्टवर. नऊ मजले. गुरुवारी परांची चढणार. त्यांचे खरे पाइप मी पाहिलेच नाहीत."

"चढेल आणि उतरेल. आजवर कुठे काही झालंय?"

"झालं तर?"

"तर चौकशीत सही तुझी निघेल," रत्नाकर शांतपणे म्हणाले. "म्हणून सांगतो, गप्प राहा. रिपोर्ट मागे घेतलास तर लिहावं काय लागेल? की मालकी न बघता मी पास केलं. गावात पुन्हा कोण काम देईल तुला? तुझ्या बाबांना मी काय तोंड दाखवू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

कॉफीवर साय धरली होती.  रत्नाकरांच्या कॉफीचं बाबा किती कौतुक करत. ती उठली, बेसिनवर हात धुतले. नखातला निळा रंग निघेना.

समोरच्या बसस्टॉपवर बसून तिने फोनवरच पत्र लिहिलं, टेंडर काढणाऱ्या खात्याच्या कार्यकारी अभियंत्यांना. यशवंतपूरचे ठेकेदार प्रतापराव यांच्याबद्दलचा माझा रिपोर्ट मी मागे घेते. पाइप त्यांच्या मालकीचे आहेत का, हे मी तपासलं नाही. ही चूक माझी. गुरुवारचं काम थांबवावं. खाली सकाळी महादेवपुऱ्यात काढलेले खाचांचे फोटो जोडले. एकदा वाचलं, पाठवलं.

वीस मिनिटांत फोन आला. अभियंता बाई होत्या, आवाज कोरडा.

"काम थांबवलंय," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "तुम्ही आमच्यासाठी आजवर किती रिपोर्ट दिलेत?"

"एकतीस."

"त्यातले किती असे?"

वसुमतीने डोळे मिटले. एकतीस आवारं, रांगेने रचलेले पाइप, कुठे हिरवे, कुठे लाल, कुठे पिवळे. तेव्हा ती त्या नीटनेटकेपणावर खूश होत असे. एका ठेकेदाराची तर तिने रिपोर्टात स्तुतीही केली होती. आणि यशवंतपूर सोडलं तर सगळ्या पाइपांवरच्या खुणा खडूच्या. रंगाच्या पहिल्या हाताखाली गडप झालेल्या.

"सांगता येत नाही मला," ती म्हणाली. "सगळे मागे घेते."



"लेखी द्या," बाई म्हणाल्या.

वसुमतीने पुन्हा फोन उघडला आणि सहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या रिपोर्टाचा क्रमांक लिहायला घेतला.