कारण लिहिल्याशिवाय पुसायचं नाही

पाक गियांतोंना त्या एजंटचा पहिल्या दिवसापासून राग. इंडोनेशियातल्या जोग्जा शहराच्या मुलांच्या रुग्णालयात बावीस वर्षं त्यांनी नोंदी सांभाळल्या, आणि आता हा एआय आपणच ब्राउझर उघडतो, रकाने भरतो, बटणं दाबतो.

त्याहून जास्त राग त्याला कामाला लावणाऱ्या मबाक लिस्त्यानीचा; पुरुषांना 'पाक', तरुण बाईला 'मबाक' म्हणायची तिथली आदराची रीत. बोलायला गोड, नियमांबाबत खाष्ट. एजंटला दोनच वेबसाइट उघडायची परवानगी, पासवर्डही वेगळा. आणि जे परत फिरवता येत नाही, म्हणजे नोंद पुसणं, तारीख रद्द करणं, तिथे थांबून माणसाला विचारायचं. तो माणूस पाक गियांतो. दिवसातून चाळीस वेळा 'मंजूर'.

"घोडा घेतला आणि पाय बांधून ठेवले," संचालक पाक हर्यादी कुरकुरत.

एके दिवशी लिस्त्यानी शेजारी येऊन बसली. "पाक, आज चाळीस मंजुऱ्या दिल्यात. एका तरी मुलाचं नाव सांगा."

"एवढी नावं कोण लक्षात ठेवतं, मबाक!"

ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिने फुटकळ थांबे काढून टाकले. नोंद पुसण्याचं बटण मात्र गेलं आणि तिथे रिकामी चौकट आली. का पुसायचं, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

"या वयात निबंध लिहायला बसवलंस?"

"दोनच ओळी, पाक."

पुढच्या गुरुवारी एजंट थांबला. दोन नोंदी, जन्मतारीख, आई, पत्ता एकच. एक 'चाक्रानिंग्रात महादेवी' या नावाची, दुसरी कालच उघडलेली, 'तुमिना' नावाची. सहा वर्षांची मुलगी, दर महिन्याला रक्त चढवावं लागणारी. उद्या तिचा रक्त चढवायचा दिवस. एजंट विचारत होता, जुनी पुसू?

'नाव टाइप करताना चूक,' असं त्यांनी लिहायला घेतलं आणि बोटं थांबली. चूक कसली? चाक्रानिंग्रातचं तुमिना कोणाच्या हातून होतं? मग त्यांच्या लक्षात आलं. पोर सारखी आजारी, म्हणजे भारदस्त नाव तिला जड झालं, ही तिकडची जुनी समजूत. घरच्यांनी साधं, हलकं नाव ठेवलं. त्यांच्या धाकट्या बहिणीचंही असंच बदललं होतं.

त्यांनी जुनी नोंद उघडली. लाल अक्षरांत लिहिलं होतं: दोनदा रक्त बाधलं, खास जुळवूनच द्यावं. नव्या नोंदीत तो रकाना कोरा.

त्यांनी मुलीच्या आईला फोन लावला, आदराने 'बू' म्हणत. "बू, मुलीचं नाव बदललंत?"

"हो, गेल्या आठवड्यात. जुनं उच्चारू नका हं, पाक, हात जोडते."

"नाही उच्चारत. पण तिच्या रक्ताची सगळी माहिती त्या नावावर आहे."

ती रडायलाच लागली. "मला वाटलं, लेकरू तेच आहे, तुम्हाला कळेल."

पाक गियांतोंनी दोन्ही नोंदी जोडल्या आणि धावत रक्तपेढी गाठली. शुक्रवारी तुमिनाला जुळवलेलं रक्त चढलं. अंगावर साधं पुरळही उठलं नाही.

पाक हर्यादी स्वतः खाली आले. "बावीस वर्षांचा अनुभव कामी आला, पाक!"

मान डोलावून गप्प बसणं सोपं होतं. पण कोपऱ्यात लिस्त्यानी खाली मान घालून काम करत होती, आणि त्या पोरीबद्दल पाक गियांतोंना इतका अभिमान दाटून आला की राहवेना.

"अनुभव कसला, पाक? पंधरा दिवसांपूर्वीचं बटण असतं, तर मी न बघता दाबलं असतं."

 पाक हर्यादींनी खुर्ची ओढली आणि ते लिस्त्यानीजवळ बसले.

"मबाक, अजून कुठे कुठे थांबवायला हवंय या एजंटला? दाखवा मला."